पानाचा फोटो नको, खोडाचा पाठवा

माझ्या खिडकीत पाण्याच्या बाटलीत एक पान सात महिने उभं होतं. मॉन्स्टेरा अल्बो नावाच्या शोभेच्या वेलाचं, अर्धं पांढरं अर्धं हिरवं, मधल्या शिरेवर दोन रंगांची इतकी सरळ हद्द की पट्टी धरून रंगवलंय असं वाटावं. देठाच्या टोकाला मुळंसुद्धा फुटली होती, चांगली बोटभर लांब, आणि मी रोज सकाळी ती बाटली उजेडाकडे धरून बघायचे, कुठे कोंब दिसतोय का. कोंब आला नाही. तो येणारच नव्हता, कारण त्या पानाला खोडाचा तुकडाच नव्हता, नुसता देठ होता. नवीन फूट ज्या डोळ्यातून येते तो डोळा खोडाच्या गाठीवर असतो, ज्याला आपण सगळे नोड म्हणतो, आणि मॉन्स्टेराच्या देठाला कितीही मुळं सुटली तरी त्यातून खोड काही तयार होत नाही. सात महिन्यांनी पान कडेने तपकिरी व्हायला लागलं आणि आठवड्याभरात गेलं.

बदल्यात मी माझ्या होया वेलाची दोन लांब, मुळं धरलेली कटिंग्ज दिली होती. चार वर्षं वाढवलेला होया. ज्या ताईंनी ते पान दिलं त्यांनी मला मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, त्यांनीही ते पान कुणाकडून तरी असंच घेतलं असावं आणि मुळं फुटलीत म्हणजे झालं असं समजून पुढे दिलं असावं. पण माझा होया गेला तो गेलाच. आणि तेव्हापासून अनोळखी माणसाशी अदलाबदल करायची असेल तर माझा पहिला मेसेज ठरलेला असतो: पानाचा फोटो नको, खोडाचा पाठवा.

हे मी इतकं घोळवून सांगतेय कारण दुर्मीळ रोपांच्या व्यवहारात आपण सगळे पानावर भाळतो, आणि पान ही झाडाची फक्त आजची बातमी असते. पुढचं झाड कसं असणार हे खोडावर लिहिलेलं असतं. अल्बोचंच घ्या. त्याचा पांढरा रंग म्हणजे एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी राहतायत, एक हरितद्रव्य बनवणारी आणि एक न बनवणारी. नोडवरचा डोळा ज्या पट्ट्यात बसलाय, त्या पट्ट्यातल्या पेशी घेऊन नवीन फूट येते. म्हणजे पान अर्धं पांढरं असलं पण डोळा असलेल्या बाजूला खोड पूर्ण हिरवं असलं, तर पुढची पानं हिरवी यायची शक्यता खूप जास्त. उलट डोळ्याखाली खोड पूर्ण पांढरं असेल तर फूट पांढरीफटक येते, फोटोत सुंदर दिसते, आणि हरितद्रव्यच नसल्याने स्वतःचं अन्न करू शकत नाही, मग ती पानं एकेक करून जळत जातात. खोडावर हिरव्या-पांढऱ्या बारीक रेघा मिसळलेल्या, त्या डोळ्याच्या खालून जाणाऱ्या, असं कटिंग मिळालं तर पान लहान असलं, फाटलेलं असलं, अगदी पान नसलेली नुसती काडी असली तरी मी आनंदाने घेते. पानाशिवायच्या अशा काडीला वेट स्टिक म्हणतात आणि ती घ्यायला लोक घाबरतात, पण डोळा टपोरा, हिरवट आणि टणक असेल तर ती पानवाल्या पण डोळा मेलेल्या कटिंगपेक्षा कितीतरी बरी. डोळा काळा, मऊ किंवा खरवडलेला असेल तर मात्र नको.

हार्टच्या आकाराचं होया केरीचं एकच पान छोट्या कुंडीत लावून मिळतं ना, तिथेही हीच गोष्ट. खोडाचा तुकडा सोबत नसेल तर ते पान वर्षानुवर्षं पानच राहतं. शोभेला म्हणून कुणी ठेवत असेल तर छानच, पण त्याच्या बदल्यात वेल देऊ नका.

आता खोट्या रोपांबद्दल. यात मला दोन प्रकार वेगळे वाटतात, एक म्हणजे नाव चुकीचं आणि दुसरा म्हणजे झाडच बनवलेलं.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त मॉन्स्टेरा ऑब्लिकाच्या नावावर होतो. ऑब्लिका म्हणून जे फिरतं ते बहुतेक वेळा मॉन्स्टेरा अॅडन्सोनी असतं, जे छान झाड आहे, वाढायला सोपं आहे, पण दुर्मीळ अजिबात नाही. ऑब्लिकाचा जो पेरूमधला प्रकार सगळ्यांना हवा असतो त्याच्या पानात पानापेक्षा भोकंच जास्त असतात, जाळीसारखं दिसतं, आणि पान कागदासारखं पातळ लागतं. अॅडन्सोनीत भोकांच्या मधे पान भरपूर उरतं आणि हाताला जाडसर लागतं. दुसरं म्हणजे ऑब्लिका जमिनीलगत बिनपानांचे लांब धावते फुटवे सोडते, त्यांचा फोटो मागितला की पुष्कळदा तिथेच संभाषण संपतं. तसंच मिनी मॉन्स्टेरा म्हणून जे मिळतं ते मॉन्स्टेरा नाहीच, ते राफिडोफोरा टेट्रास्पर्मा, थायलंडचा दक्षिण भाग आणि मलेशिया इथलं. ते घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त मॉन्स्टेराची कुठलीतरी दुर्मीळ बुटकी जात म्हणून घेऊ नका.

थाई कॉन्स्टेलेशन हा मॉन्स्टेराचाच दुसरा प्रकार आणि अल्बो, यांच्या नावांचीही सर्रास अदलाबदल होते. थाईवर मलईच्या रंगाचे शिंतोडे असतात, सगळ्या पानभर चांदण्या पडल्यासारखे, आणि ते लॅबमध्ये टिश्यू कल्चरने, म्हणजे झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून बाटलीत, मोठ्या संख्येने तयार करता येतं, त्यामुळे आता पूर्वीइतकं दुर्मीळ राहिलेलं नाही. अल्बोचा पांढरा जास्त शुभ्र असतो, मोठमोठ्या ठिगळांत येतो, आणि ते कटिंगने वाढवतात. दोन्ही गोड आहेत, मला थाई जरा जास्तच आवडतं, पण कुणी अल्बो म्हणून थाई देत असेल तर त्याने निदान सांगून द्यावं. फिलोडेंड्रॉन या दुसऱ्या शोभेच्या झाडाच्या व्हाइट नाइट आणि व्हाइट विझर्ड या प्रकारांचं असंच होतं, तिथेही पानाकडे बघून ओळखायला जाल तर चुकाल, खोड आणि देठ बघा, नाइटच्या देठाखोडावर लालसर तपकिरी झाक असते, विझर्डचं खोड हिरवं-पांढरं असतं.

बनवलेल्या झाडांमध्ये सगळ्यात गाजलेलं म्हणजे पिंक काँगो. काही वर्षांपूर्वी या फिलोडेंड्रॉनच्या गुलाबी पानांनी लोक वेडे झाले होते, आणि घरी आणल्यावर काही महिन्यांत नवीन पानं साधी हिरवी यायला लागली, कारण तो गुलाबी रंग झाडाचा स्वतःचा नव्हताच, रसायन देऊन तात्पुरता आणलेला होता. पिंक प्रिन्सेस या दुसऱ्या फिलोडेंड्रॉनचा गुलाबी मात्र खरा, तो झाडाच्या पेशींतच आहे. दोघांतला फरक एका नजरेत कळतो. प्रिन्सेसमध्ये गुलाबी रंग वेडावाकडा, कुठल्या पानावर ठिपका, कुठे अर्धं पान, कुठे काहीच नाही, आणि त्याच्या रेघा खोडावरही उतरलेल्या दिसतात. काँगोमध्ये वरची काही पानं पूर्णच्या पूर्ण गुलाबी, खालची सगळी हिरवी, आणि खोडावर रंगाचा मागमूस नाही. झाड असं मधूनच रंग बदलायला लागलेलं दिसलं की मी सगळ्यात नव्या, अजून गुंडाळलेल्या पानाचा फोटो मागते.

बियांबद्दल एकच सांगते, घेऊ नका. व्हेरिगेटेड, म्हणजे दोन रंगांच्या पानांच्या, मॉन्स्टेराच्या बिया, निळ्या मॉन्स्टेराच्या बिया, सप्तरंगी कसल्यातरी बिया. निळा मॉन्स्टेरा जगात नाही. अल्बोचा रंग बियांतून भरवशाने उतरत नाही. आणि मॉन्स्टेराची खरी बी वाटाण्याएवढी असते, ओलसर असतानाच पेरावी लागते, वाळली की मेली, तेव्हा पाकिटात आलेले ते कोरडे बारीक दाणे कशाचे असतील ते असोत, मॉन्स्टेराचे नाहीत. निवडुंगाच्या डोक्यावर गोंदाने चिकटवलेली कागदासारखी सुकी फुलंही याच जातीची फसवणूक, आणि तिथे झाडाला इजाही होते, गरम गोंद कोवळ्या शेंड्यावर पडतो.

एक धोका मात्र असा आहे की तो देणाऱ्यालाही दिसत नाही. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, अॅलोकेशिया ही सगळी अळूच्याच कुळातली, आणि या कुळात मोझॅकचा एक विषाणूजन्य रोग असतो ज्याचं इंग्रजी नावच अळूवरून पडलंय, दशीन मोझॅक. त्यात पानावर शिरांच्या कडेने पिसासारखे फिकट पट्टे उठतात, पान कधी पिळवटतं, आकार बिघडतो. मग कुणीतरी म्हणतं, अरे हे तर व्हेरिगेशन, नवीनच प्रकार निघालाय, आणि ते कटिंग हातोहात जातं. यावर औषध नाही. मावा ही कीड तो पसरवते, कटिंगमधून तो जातो, आणि आपली कात्रीसुद्धा एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊ शकते. वर लक्षणं येतात जातात, मधली दोन पानं स्वच्छ निघाली की माणूस निर्धास्त होतो. खऱ्या व्हेरिगेशनची कड बहुतेक वेळा स्वच्छ कापल्यासारखी असते आणि खोडावर त्याची खूण सापडते. मोझॅकमध्ये रंग विरघळल्यासारखा, धूसर, शिरांना धरून, आणि खोड एकदम साधं.

माणसं रोगालाच सौंदर्य समजून बसतात हे काही आजचं नाही. हॉलंडमध्ये सतराव्या शतकात ज्या रेघारेघांच्या ट्युलिपपायी लोकांनी घरंदारं पणाला लावली, आणि 1637 च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला, त्या रेघा विषाणूमुळे होत्या. तो रोग एका कंदातून दुसऱ्यात जातो हे डोरोथी केली यांनी दाखवून दिलं 1928 मध्ये, म्हणजे मधे जवळपास तीनशे वर्षं गेली. आणि तो विषाणू कंदाला पिढी दर पिढी दुबळा करत होता, म्हणजे जे कंद सगळ्यात मौल्यवान समजले जायचे तेच सगळ्यात आजारी होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कपाटावरच्या माझ्या एका विचित्र पट्ट्यांच्या फिलोडेंड्रॉनकडे बराच वेळ बघत बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी ते पिशवीत बांधून टाकून दिलं. खूप जड गेलं. पण बाकीच्या चाळीस झाडांचा विचार करावा लागतो.

किडींचं मात्र बघून कळतं, बघायची तयारी हवी फक्त. मी सगळ्यात जास्त घाबरते ती फुलकिड्यांना, थ्रिप्स. पिठ्या ढेकूण कापसासारखा दिसतो, खवले कीड नखाने निघते, लाल कोळी बारीक जाळी विणतो, यांच्याशी लढता येतं. फुलकिडा जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरचा, बारीक रेघेसारखा, आणि तो अंडी पानाच्या आत, पानाच्या मांसात घालतो, म्हणजे तुम्ही पान साबणाच्या पाण्याने धुतलं, निंबोळी तेल फवारलं, तरी आतली अंडी शाबूत. पिल्लं पानावर खातात, मग कोष होण्यासाठी बऱ्याच जाती मातीत उतरतात आणि तिथून मोठे होऊन परत वर येतात. उबदार हवेत हे सगळं चक्र दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होतं. म्हणून एकदा फवारणी करून झाली असं होतच नाही, दर पाच-सात दिवसांनी, किमान महिनाभर, न चुकता.

खूण कशी ओळखायची ते सांगते, कारण फोटोत ती धूळ वाटते. पान उलटं करा, उजेड तिरका पडेल असं धरा. चंदेरी, खरवडल्यासारखा डाग दिसतो, जणू नखाने पानाचा वरचा पापुद्रा काढलाय, आणि त्या चंदेरी भागावर बारीक काळे ठिपके, मिरपूड शिंपडल्यासारखे. ते ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. भिंगातून बघितलं तर शिरेच्या कडेला फिकट पिवळसर, तांदळाच्या कणीपेक्षाही कितीतरी बारीक पिल्लं हळूहळू सरकताना दिसतात. पांढरा कागद खाली धरून पानावर टिचकी मारली तरी पडतात. मी व्हिडिओ मागते तेव्हा हेच मागते, पानाची मागची बाजू, शिरेजवळून, सावकाश.

आणि मुळं. कुंडीत लावलंय म्हणजे मूळ धरलंय असं नसतं, कालच कापून आज मातीत खोचलेलं कटिंगही वरून तसंच दिसतं. हळूच वर ओढून बघितलं तर धरलेलं रोप मातीला किंचित घट्ट धरून ठेवतं, न धरलेलं अलगद वर येतं. समोर भेटून देवघेव असेल तर मी मुळं बघू का असं विचारते आणि त्यात मला संकोच वाटत नाही. निरोगी मूळ टणक असतं, पांढरं किंवा फिकट, काही झाडांत तपकिरीही असतं पण टणक. कुजलेलं मूळ बोटांत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि आत दोऱ्यासारखी तार राहते, आणि वास येतो, साचलेल्या गटाराचा, तो वास एकदा घेतला की विसरत नाही. पानांना चकाकी लावलेली असली तर ती फडक्याने पुसून बघा, चकाकीखाली बरंच काही लपतं.

टिश्यू कल्चरची इवली रोपं हल्ली खूप फिरतायत, त्यांच्याबद्दल इतकंच की बाटलीतून बाहेर काढून किती दिवस झाले ते विचारा. बाटलीतल्या शंभर टक्के दमटपणात वाढलेल्या पानांवर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो, बाहेरच्या हवेत ती पटकन सुकतात. बाहेर आल्यावर दोन-तीन नवीन पानं काढलेलं रोप घ्या, नाहीतर दमट डबा तयार ठेवा.

आता माणसांचं. अनोळखी माणूस खरा आहे का हे ओळखायला मी फार काही करत नाही. आजची तारीख आणि माझं नाव कागदावर लिहून तो कागद झाडाशेजारी ठेवून फोटो मागते, आणि न कापलेला, एका दमात घेतलेला छोटा व्हिडिओ, खोड चारी बाजूंनी, डोळे जवळून, पानांच्या मागच्या बाजू, शेंडा. मला मिळणार आहे ते नेमकं कटिंग हेच का, हे स्पष्ट विचारते, कारण फोटो आईझाडाचा आणि हातात येतं भलतंच असं फार होतं. तो फोटो इंटरनेटवर टाकून आधी कुठे आलाय का ते शोधते, तो आधी तीन ठिकाणी वापरलेला निघाला तर विषय संपला. ज्याच्याकडे झाड आहे तो हे सगळं पाच मिनिटांत पाठवतो, उलट आनंदाने जास्तीचे फोटो पाठवतो, झाडाच्या कौतुकाने. आणि ज्याच्याकडे नाही त्याचा नेहमी फोन बिघडलेला असतो, घाई असते, दुसरं कुणीतरी लगेच घ्यायला तयार असतं. विश्वास नाही का तुमचा, असं ऐकवलं गेलं की मी शांतपणे लिहिते, तुम्हीही माझ्याकडे हेच मागा, मी देते. पैसे द्यायचे असतील तर जिथे तक्रार करून परत मिळायची सोय आहे अशाच मार्गाने.

अदलाबदल असेल तर दोघांनी एकाच दिवशी पाठवायचं, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दोघांनी घ्यायचा, आणि वाटेत खराब झालं तर काय करायचं ते आधीच लिहून ठरवायचं. हे ठरवताना थोडं अवघडल्यासारखं होतं पण नंतरची भांडणं त्याहून वाईट.

एक गोष्ट मी कधीच घेत नाही, कितीही मोह झाला तरी, ती म्हणजे जंगलातून उपटून आणल्यासारखं दिसणारं झाड. दक्षिण आफ्रिकेतली कोनोफायटम नावाची छोटी, दगडासारखी रसाळ झाडं या हौसेपायी जमिनीतून ओरबाडली जातायत, ऑर्किडचं आणि निवडुंगांचं हे तर किती वर्षांपासून चालूय. धोक्यातल्या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, 1975 पासून लागू असलेल्या साइट्स करारात सगळी ऑर्किड्स आणि जवळपास सगळे निवडुंग येतात, म्हणजे कागदपत्रांशिवाय ती सहसा देशाबाहेर पाठवता येत नाहीत. झाड म्हातारं, एका बाजूने वाळलेलं, अंगावर जुने ओरखडे, मुळं तुटलेली, आणि देणाऱ्याला ते कशापासून वाढवलं हे सांगता येत नाही, असं असलं की मी नको म्हणते. कुंडीत वाढलेल्या झाडाला त्याच्या माणसाकडे सांगण्यासारखी गोष्ट असते.

हे सगळं करूनही कीड येतेच कधीकधी. म्हणून घरात येणारं प्रत्येक झाड, अगदी सख्ख्या मैत्रिणीकडून आलेलंही, माझ्याकडे दुसऱ्या खोलीत एकटं महिनाभर राहतं, त्याची कात्री वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं, आणि मी त्याला हात लावते तो सगळ्यात शेवटी, बाकीच्यांचं झाल्यावर.

आत्ता तिथे एक अँथुरियम आहे. अकरावा दिवस. मुळं उत्तम, पॅकिंग इतकं प्रेमाने केलेलं की एक पान दुमडलं नव्हतं. काल रात्री भिंग घेऊन बघितलं तर सगळ्यात जुन्या पानाच्या मागे दोन पिवळसर पिल्लं, शिरेला धरून. पान कापून पिशवीत बंद केलं, झाड धुतलं, फवारलं, आणि मग ज्यांच्याकडून आलं त्यांना फोटो पाठवून लिहिलं की ताई, रोप सुंदर आहे, मी ते वाचवते, तक्रार म्हणून नाही सांगत पण यावर फुलकिडे सापडलेत, तुमच्याकडची बाकीची झाडं एकदा मागून बघाल का. सकाळी त्यांचं उत्तर आलं. तीन झाडांवर सापडले, म्हणाल्या, तिसरं पुढच्या आठवड्यात कुणालातरी पाठवायचं ठरलं होतं, ते आता थांबवलंय.